नैरोबी : रेल्वेच्या तळावर उभी राहिलेली राजधानी

मैलाचा दगड

केनियाच्या राजधानीला, नैरोबीला, जाणारा आपल्याकडचा बहुतेक प्रवासी मसाई माराच्या वाटेवर तिथे एक रात्र काढतो आणि परतल्यावर त्या शहराबद्दल वाहतुकीच्या कोंडीखेरीज काही सांगत नाही. पहिल्या खेपेस मीही तेच केले होते. या जुलैमध्ये कामानिमित्त पुन्हा जाणे झाले, तेव्हा काम संपल्यावरचे चार दिवस मोकळे ठेवले आणि ते केवळ शहर पाहण्यात घालवले. ते चार दिवस आणि त्या शहराचा उगम यांविषयी या धाग्यात लिहितो आहे. जाणकारांनी भर घालावी आणि माझ्या चुका दाखवाव्यात.

राजधानीच्या जागी आपण ज्या गोष्टी गृहीत धरतो, त्यांपैकी एकही नैरोबीला नव्हती. बंदर नाही, होडी चालेल अशी नदी नाही, किल्ला नाही, जुनी बाजारपेठही नाही. किनाऱ्यावरच्या मोंबासा बंदराच्या पाठीशी कित्येक शतकांचा सागरी व्यापार आहे आणि पोर्तुगिजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेला फोर्ट जीझस आजही तिथे उभा आहे. नैरोबीच्या जागी मात्र १८९० च्या दशकात दलदल होती, तिच्यातून वाहणारा ओढा होता आणि दक्षिणेला अथीचे विस्तीर्ण गवताळ मैदान पसरले होते. मसाई गुराखी तिथे गुरे पाण्यावर आणत. त्यांच्या भाषेत त्या जागेला ‘एन्कारे नायरोबी’, म्हणजे थंड पाणी, असे म्हणत. उत्तरेकडच्या चढावर किकुयूंची शेते आणि दाट जंगल सुरू होई. म्हणजे गुरे पाळणारे आणि शेती करणारे अशा दोन समाजांच्या मधली ती सीमारेषा होती.

मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणाऱ्या युगांडा रेल्वेचे काम १८९६ मध्ये सुरू झाले आणि ३० मे १८९९ रोजी रूळ या दलदलीपाशी येऊन पोहोचले. तोवर सुमारे ५३० किलोमीटर अंतर कापून झाले होते. पुढे किकुयू प्रदेशाचा खडा चढ आणि त्यापलीकडे रिफ्ट खोऱ्यात उतरणारा भयंकर कडा होता. चढाला लागण्यापूर्वी इंजिने दुरुस्त करायला, माल साठवायला आणि डबे लावायला एक मोठी सपाट जागा हवी होती, जवळ पाणी हवे होते, आणि या दोन्ही गोष्टी असलेली ही शेवटची जागा होती. मुख्य अभियंता जॉर्ज व्हाइटहाउस याने इथे तळ टाकला. त्याच वर्षी रेल्वेचे मुख्यालय मोंबासाहून इथे आले आणि जॉन एन्सवर्थ या अधिकाऱ्याने आपली प्रांतिक कचेरी मचाकोसहून हलवून रेल्वेच्या शेजारी थाटली. रूळ सरोवराकाठी, म्हणजे आजच्या किसुमूला, १९०१ च्या डिसेंबरात पोहोचले, पण तोवर मधल्या तळाचे गाव झाले होते. १९०५ मध्ये ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेच्या संरक्षित प्रदेशाची राजधानीच मोंबासाहून इथे आणली. शहर म्हणून ही जागा कुणी निवडलीच नव्हती, ती यार्डासाठी निवडली होती, आणि पुढची कित्येक वर्षे डॉक्टर मंडळी या दलदलीच्या नावाने बोटे मोडत राहिली. गाव उंचावर हलवावे अशा सूचनाही झाल्या. पण एवढा पैसा ओतून झाल्यावर उठून जाणे कुणाला परवडणार? दलदल शोषून घ्यावी म्हणून एन्सवर्थने निलगिरीची झाडे लावली, ती एवढी रुजली की आज नैरोबीभोवती निलगिरी जणू मूळचीच वाटते.

पहिला दिवस मी रेल्वे संग्रहालयाला दिला. जुन्या स्थानकाच्या पश्चिमेला, यार्डाच्या कडेला हे १९७१ पासून आहे. उघड्या आवारात वाफेची प्रचंड इंजिने रांगेने उभी आहेत, त्यांच्यावर चढता येते आणि चालकाच्या जागी बसताही येते. मला मात्र ‘बारा नंबरचा डबा’ पाहायचा होता. जून १९०० मध्ये किमा स्थानकावर नरभक्षक सिंहाच्या मागावर असलेला चार्ल्स रायल हा पोलीस अधिकारी याच डब्यात पहाऱ्यावर बसला होता. त्याला डुलकी लागली, सिंह आत शिरला, सिंहाच्या वजनाने डबा कलला आणि सरकते दार आपोआप बंद झाले. वरच्या फळीवर एक, खाली जमिनीवर एक असे दोन सोबती आत अडकलेले असताना सिंहाने रायलला खिडकीतून बाहेर ओढून नेले. साव्होच्या पुलावरच्या १८९८ च्या सिंहांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, ही तितकी नसते. डब्याजवळ उभे राहिल्यावर मी आधी ती खिडकी हातांनी मोजली. माझ्या दोन वितींच्या वर जेमतेम काही बोटे भरली, आणि त्या रात्री आत नेमके काय झाले असेल, याचा विचार करत मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी पायी बाजार पाहिला. स्थानकाकडून मोई अव्हेन्यूने वर गेले की डाव्या-उजव्या बाजूंना शहराचा जुना गाभा लागतो. बियाशारा स्ट्रीटचे जुने नाव बझार स्ट्रीट. कापड, कांगा नावाची रंगीत छापील वस्त्रे आणि लहान मुलांचे कपडे यांची दुकाने तिथे आजही आहेत आणि काही पाट्यांवर गुजराती आडनावे दिसतात. तिथून जवळच जीवनजी गार्डन आहे. कराचीत जन्मलेले बोहरा व्यापारी अलीभाई मुल्ला जीवनजी यांनी रेल्वेला मजूर आणि सामान पुरवण्याची कंत्राटे घेतली, नैरोबीत इमारती बांधल्या, बाजार बांधला आणि १९०६ मध्ये ही बाग शहराला दिली. पुढे कायदेमंडळात नेमले गेलेले ते पहिले गोरेतर सदस्य. १९९१ मध्ये या बागेखाली बहुमजली वाहनतळ बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांची नात झरीना पटेल हिने लोकांना उभे करून तो हाणून पाडला. मी गेलो तेव्हा दुपारची वेळ होती. एका झाडाखाली एक धर्मोपदेशक कर्णा न घेताच घसा फोडून बोलत होता, दुसऱ्या झाडाखाली राजकारणावर वाद चालला होता, आणि बाकांवर कचेऱ्यांतले लोक जेवणाच्या सुट्टीत डुलक्या काढत होते.

तिसऱ्या दिवसाविषयी खाली स्वतंत्र लिहीन, कारण त्यात गोव्याचा संबंध येतो. चौथ्या दिवशी माझी फजिती झाली. मोंबासाला नव्या रेल्वेने जायचे म्हणून मी तिकीट काढले होते आणि शहराच्या मधोमध असलेले जुने स्थानक डोळ्यांसमोर असल्याने निवांत न्याहारी करत बसलो. ३१ मे २०१७ रोजी सुरू झालेल्या या नव्या मार्गाचे स्थानक शहराबाहेर स्योकिमाऊला आहे, हे हॉटेलच्या दारातल्या टॅक्सीवाल्याने सांगितले तेव्हा गाडी सुटायला सव्वा तास उरला होता. सुरक्षा तपासणीच्या रांगेत शेवटचा मीच होतो. ज्या शहराला रेल्वेने जन्म दिला, त्याच शहराच्या वेशीवरून आज नवी रेल्वे जाते, हे त्या धावपळीत कळले.

मीटरगेज

लेख आवडला. मजुरांची आकडेवारी द्यायला हवी होती, ती मी देतो. या मार्गासाठी भारतातून ३१,९८३ मजूर आणि कारागीर करारावर नेले गेले. त्यांपैकी २,४९३ मेले, ६,४५४ आजारी किंवा अपंग होऊन परत पाठवले गेले, १६,३१२ मुदत संपल्यावर मायदेशी परतले आणि ६,७२४ तिथे राहिले. सुमारे ९३५ किलोमीटरच्या मार्गावर हे मृत्यू वाटून पाहिले, तर दर मैलाला चार माणसे पडतात. सिंहांनी मारलेल्यांची संख्या यात अगदी किरकोळ आहे. माणसे मेली ती मलेरियाने, आमांशाने, चिघळलेल्या जखमांनी आणि अपघातांनी, पण सिंहाची गोष्ट सांगायला सोपी पडते म्हणून ती उरते.

दुसरा मुद्दा रुळांच्या रुंदीचा. हा मार्ग मीटरगेज झाला, कारण भारतातल्या मीटरगेजचे साहित्य, जुनी इंजिने आणि ती चालवणारी माणसे तयार मिळत होती. त्यामुळे पुणे-मिरज मार्ग मीटरगेज असताना ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना नैरोबीच्या यार्डात उभे राहिल्यावर ओळखीचे काहीतरी दिसते. मला तरी दिसले. ते अंतर डोळ्यांत बसलेले असते.

घाटवाट

मीटरगेज यांनी दिलेले आकडे वाचून छाती भरून आली. एकंदरीत पाहता नैरोबी हे शहर आपल्याच लोकांनी वसवले असे म्हणायला हरकत नसावी. रूळ आपल्या लोकांनी टाकले, बाजार आपल्या लोकांनी मांडला, बाग आपल्या माणसाने दिली. आपल्या पाठ्यपुस्तकांत याचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते.

जुनी वही

घाटवाट, आपली भावना समजते, पण हे विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही. तीन गोष्टींचा विचार करावा, असे सुचवते.

एक तर ती जमीन मोकळी नव्हती. १८९० च्या दशकात गुरांच्या रोगाने आणि देवीच्या साथीने मसाई समाज पार खचला होता, त्यामुळे रेल्वे आली तेव्हा त्यांच्याकडून मोठा प्रतिकार झाला नाही. १९०४ च्या कराराने त्यांना रिफ्ट खोऱ्यातल्या कुरणांतून उठवून दोन राखीव प्रदेशांत पाठवले आणि हा करार मसाई जमात असेतो टिकेल असे लिहून दिले. सातच वर्षांनी, १९११ मध्ये, दुसरा करार करून उत्तरेच्या राखीव प्रदेशातूनही त्यांना हलवले. त्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. मसाई हे परके सार्वभौम राष्ट्र आहे आणि करार हा दोन राष्ट्रांमधला व्यवहार असल्याने न्यायालय त्यात पडू शकत नाही, असे कारण देऊन १९१३ मध्ये दावा फेटाळण्यात आला. ज्यांच्याकडून सगळे काढून घेतले, त्यांना सार्वभौम ठरवूनच हात झटकले, हा न्यायाचा नमुना मला कधी विसरता आलेला नाही.

दुसरे म्हणजे, रेल्वेचे मजूर आणि नैरोबीतले आजचे भारतीय वंशाचे लोक यांची सरळ सांगड घालणे चुकीचे आहे. मजूर मुख्यतः पंजाबातले होते आणि वरच्या आकड्यांवरूनच दिसते की पाचांतला जेमतेम एक मागे राहिला. दुकानदार आले ते बहुतांशी स्वतःच्या खर्चाने, गुजरातेतून आणि कच्छमधून. त्यांचे किनाऱ्याशी आणि झांझिबारशी व्यापारी संबंध रेल्वेच्या कितीतरी आधीपासूनचे होते. रूळ जसजसे पुढे गेले, तसतसे त्यांनी ‘दुका’ थाटले.

तिसरा मुद्दा प्लेगचा, आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग आला, आणि त्या भीतीने पुढच्या वर्षी मजुरांची निर्यात काही काळ थांबवावी लागली, म्हणजे मांडवीतल्या उंदरांनी आफ्रिकेतली रेल्वे अडवली. पुण्यात त्या साथीच्या काळात घरे कशी तपासली आणि रँडचे पुढे काय झाले, ते सांगायला नको. तोच प्लेग १९०२ मध्ये नैरोबीच्या भारतीय बाजारात पोहोचला. तो ओळखला डॉ. रोझेन्दो आयरेस रिबेरो या गोमंतकीय डॉक्टरांनी. १९०० मध्ये ते नैरोबीत आले आणि तंबूत दवाखाना थाटून बसले. रोग्यांकडे ते माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून जात, आणि त्यांची तशी छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. त्यांनी रोगाची वर्दी दिली, आणि अधिकाऱ्यांनी काय केले, तर सगळा बाजार जाळून टाकला. त्या आगीत डॉक्टरांचा स्वतःचा दवाखानाही गेला. भरपाई म्हणून त्यांना जमीन मिळाली. पार्कलँड्समधल्या एका शाळेला त्यांचे नाव आहे.

पुढे १९१३ मध्ये, पूर्वी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी राहिलेले प्राध्यापक विल्यम सिम्पसन यांना नैरोबीच्या आरोग्याची पाहणी करायला आणले गेले, आणि युरोपीय, आशियाई व आफ्रिकी वस्त्या वेगवेगळ्या असाव्यात, अशी शिफारस त्यांनी केली. शहराची वंशवार वाटणी व्यवहारात आधीच होती, तिला शास्त्राचे नाव मिळाले. आपल्या लोकांना मधली जागा मिळाली : युरोपियांच्या खाली आणि आफ्रिकनांच्या वर. तेव्हा वसवणारे आपण होतो असे म्हणताना त्या मधल्या पायरीचे फायदेही आपल्याच नावावर लिहावे लागतील.

घाटवाट

मान्य. ‘वसवले’ हा शब्द मागे घेतो. मसाईंच्या खटल्याबद्दल मला काहीच ठाऊक नव्हते.

शेवंती

मी नैरोबीत सहा वर्षे राहिले आहे, त्यामुळे रोजच्या व्यवहारातल्या काही खुणा सांगते. पहिल्या आठवड्यातच भाजीवाली ‘पेसा’ मागू लागली तेव्हा मला वाटले की ती माझ्यासाठी हिंदी बोलते आहे. तो स्वाहिली शब्द झालेला आहे आणि आपल्या पैशातूनच गेलेला आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइलवरच्या पैशाच्या सेवेतला पेसाही तोच. मोटारीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, पोळीला ‘चपाती’, दुकानाला ‘दुका’. १९२० पर्यंत तिथे रुपयाच चालत असे, हे कळल्यावर याचे नवल वाटेनासे झाले. कायदाही भारतातला होता. भारतीय दंडविधान तिथे १९३० पर्यंत लागू होते.

चपाती मात्र आपली राहिलेली नाही. ती जाड, तेलावर भाजलेली आणि पदर सुटणारी असते, डाळीसारख्या पातळ रश्श्याबरोबर नव्हे तर मुगाच्या किंवा घेवड्याच्या दाट उसळीबरोबर खातात, आणि केनियातल्या घरांत ती सणासुदीचा पदार्थ आहे. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी माझा पातळ फुलका पाहून मला विचारले होते की पीठ संपले आहे का.

जुनी वही यांनी सांगितलेली वाटणी आजही नकाशावर दिसते. पश्चिमेच्या उंच, झाडीच्या भागात मोठी आवारे, उत्तरेला न्गारा आणि पार्कलँड्समध्ये भारतीय वंशाची वस्ती, पूर्वेच्या सखल भागात आफ्रिकी कामगारांसाठी बांधलेल्या वसाहती. पुमवानी ही आफ्रिकनांसाठी वसवलेली जुनी वस्ती तिथलीच. वंशाचा कायदा गेला, भाव तेवढे राहिले, एवढाच फरक. किबेराचे तर मूळच वेगळे आहे. ब्रिटिश फौजेत चाकरी केलेल्या सुदानी नुबियन सैनिकांना १९०४ च्या सुमारास तिथे राहायला जागा दिली, आणि त्यांच्या भाषेत ‘किब्रा’ म्हणजे जंगल. त्यांना त्या जमिनीचे कागद मात्र पिढ्यान्‌पिढ्या मिळाले नाहीत. जुनी मीटरगेज किबेराच्या मधून जाते. आगगाडी येण्याआधी रुळांवर मांडलेला बाजार उचलला जातो आणि ती गेली की पुन्हा मांडला जातो.

घाटवाट, तुमच्या मूळ भावनेला एक दुजोराही देते. जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या केनियनांना देशातली चव्वेचाळिसावी जमात म्हणून अधिकृत मान्यता दिली. माझ्या शेजारच्या आजींचा जन्म न्गाराचा, त्या केनिया सोडून कधी कुठे राहिलेल्या नव्हत्या. बातमी ऐकून त्या म्हणाल्या, की एवढ्या वर्षांनी पाहुण्यांना घरातले म्हटले, आता भांडी कोण घासणार ते विचारतील.

मैलाचा दगड

सर्वांचे आभार. जुनी वही यांनी जे लिहिले ते मूळ लेखात यायला हवे होते. आता तिसऱ्या दिवसाविषयी.

सकाळी नैरोबी गॅलरीत गेलो. १९१३ च्या सुमाराची ही दगडी इमारत म्हणजे प्रांताधिकाऱ्याची जुनी कचेरी. जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी इथे होत. देशातली सगळी अंतरे जिथून मोजतात तो शून्य मैल या इमारतीसमोरच आहे. (माझे इथले टोपणनाव पाहता मी त्याचे छायाचित्र काढले, हे वेगळे सांगायला नको.) आत जोसेफ मुरुंबी यांचा संग्रह आहे : आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांतले कापड, दागिने, मुखवटे, पुस्तके. मुरुंबी यांचे वडील गोमंतकीय व्यापारी, आई मसाई. शिक्षण भारतात झाले, आणि १९६६ मध्ये काही महिने ते केनियाचे उपराष्ट्रपती होते. शहराला नाव देणारे मसाई आणि त्यात दुकान मांडणारे भारतीय, हे दोन्ही धागे एका माणसात एकत्र आलेले मला इथेच दिसले.

तिथून हॅरी थुकू रोडने विद्यापीठाकडे गेलो. हॅरी थुकू हा तरुण नेता. गळ्यात अडकवायच्या ‘किपांदे’ या ओळखपत्राविरुद्ध, करांविरुद्ध आणि बायकांकडून सक्तीने करून घेतल्या जाणाऱ्या कामाविरुद्ध त्याने आवाज उठवला, म्हणून मार्च १९२२ मध्ये त्याला अटक झाली. त्याला सोडवायला हजारो लोक पोलीस ठाण्यासमोर जमले. पुढारी मागे फिरू लागले तेव्हा मेरी मुथोनी न्यांजिरू या स्त्रीने त्यांना लाज वाटावी असे बोलून जमावाला पुढे नेले. १६ मार्चला गोळीबार झाला आणि ती पहिल्या बळींपैकी एक ठरली. सरकारी हिशोबानेच २१ माणसे मेली. थुकूची पत्रके छापायला मदत करणारा माणूस होता मणिलाल देसाई, म्हणजे जुनी वही म्हणतात त्या मधल्या पायरीवरून काही जण खाली उतरूनही उभे राहिले होते. त्याच वाटेवरच्या विद्यापीठाच्या आवारात गांधीजींचा पुतळा आहे.

दुपारी सिटी पार्कला गेलो, ते पियो गामा पिंटो यांच्या कबरीसाठी. मूळचे गोव्याचे हे घराणे. पिंटो यांचा जन्म १९२७ मध्ये नैरोबीत झाला, शिक्षण भारतात झाले, मुंबईत नोकरी करताना ते संपात उतरले आणि गोव्याच्या मुक्तीसाठी काम करू लागले. पोर्तुगीज पोलीस मागे लागल्यावर १९४९ मध्ये ते केनियात परतले आणि तिथल्या लढ्यात शिरले. १९५४ ते १९५९ अशी पाच वर्षे त्यांना स्थानबद्धतेत काढावी लागली. स्वातंत्र्यानंतर ते संसदेत गेले, आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी घराच्या फाटकापाशी, मोटारीत मागे लहान मुलगी बसलेली असताना, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय ३७. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या मानली जाते.

रानजाई

डिसेंबरात आम्ही दोघे जाणार आहोत, दोघेही साठीच्या पुढचे. दोन शंका आहेत. कागदपत्रांचे नेमके काय करावे लागते आणि सिटी पार्कमधल्या कबरी सहज सापडतात का? पिंटो यांच्याविषयी माझ्या वडिलांकडून ऐकले होते. ते गोव्याच्या चळवळीत मुंबईतून काम करत असत.

शेवंती

जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसा लागत नाही, पण निघण्यापूर्वी इंटरनेटवरून प्रवासाची परवानगी काढावी लागते. पीतज्वराची लस विसरू नका. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि तिचे पिवळे कार्ड परत येताना भारताच्या विमानतळावर तपासतात. साठीनंतर ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मुंबईहून थेट विमानाने सहा तासांच्या आसपास लागतात. शहर सुमारे १,७०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वराहून उंच आहे, तेव्हा विषुववृत्ताजवळ जातो आहोत म्हणून नुसते सुती कपडे भरू नका. संध्याकाळी स्वेटर लागतो.

मैलाचा दगड

रानजाई, कबरी सापडतात, पण विचारत जावे लागते. पार्कलँड्सच्या बाजूने सिटी पार्कमध्ये शिरून ‘मुरुंबी’ असे विचारावे. पिंटो असे विचारल्यावर मला दोघांनी खांदे उडवून दाखवले. मुरुंबी १९९० मध्ये वारले, त्यांची इच्छा होती की आपल्याला पिंटोजवळ पुरावे, त्यामुळे दोन्ही जागा शेजारी-शेजारी आहेत. मुरुंबी यांच्या स्मारकाभोवती शिल्पे मांडलेली आहेत. पिंटो यांची कबर अगदी साधी आहे. सकाळी जा, एकटेदुकटे आत फार खोल जाऊ नका. वडिलांनी सांगितलेले काही आठवत असेल, तर परतल्यावर इथे अवश्य लिहा. फाटकापाशी माकडांसाठी शेंगदाणे विकायला बसलेले असतात, ते घेतलेत तर पुडी हातात उघडी धरू नका. माझी पुडी, चष्म्याच्या घरासकट, पहिल्याच वळणावर झाडावर गेली.